साकेतचा नंबर कळव्याला

सुमतीबाईंना कुणाच्या दागिन्यांचा कधी हेवा वाटला नाही. शेजारच्या नंदाताईंनी पैठणी घेतली तेव्हा तिला फॉल-पिको करून आणायला त्याच गेल्या होत्या. धाकट्या जावेने वर्तकनगरला त्यांच्यापेक्षा एका खोलीने मोठं घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला सगळ्यांच्या आधी जाऊन दारात रांगोळी घालणाऱ्याही त्याच. बाई मनाने दिलदार. पण एका गोष्टीपुढे हा सगळा दिलदारपणा गुडघे टेकायचा. दुसऱ्याच्या घरी वाजलेला फोन त्यांना सोसायचा नाही.

हे दुखणं नोकरीतलं होतं. सुमतीबाई टेलिफोन खात्यात होत्या. कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्या ट्रंक कॉल जोडायच्या. मस्कत नाहीतर कुवेतहून मुंबईमार्गे आलेला कॉल कल्याणातल्या कुठल्याशा आळीत जोडून द्यायचा, आणि लाईन नीट आहे की नाही हे कळण्यापुरतं ऐकायचं असा नियम होता. सुमतीबाई नियमापेक्षा जरा जास्त ऐकायच्या. कुणाची तरी आई इकडून ओरडून विचारायची, जेवलास का रे, आणि तिकडून कुणीतरी बाप्या माणूस लहान पोरासारखा हुं हुं करायचा. दुसऱ्यांच्या आयांना त्यांच्या मुलांशी जोडून देता देता बाईंची उमेदीची वर्षं सरली, आणि त्यांचा स्वतःचा साकेत तेवढा वेळ पाळणाघरात. पुढे ट्रंक कॉल गेले, एसटीडी आली, तेव्हा त्यांना चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथे त्या लोकांना नंबर सांगत. एकेक आकडा सुटा, स्वच्छ, तोंडात धरून ठेवल्यासारखा. बाईंनी चुकीचा नंबर सांगितला अशी तक्रार निवृत्त होईपर्यंत एकदाही आली नाही, आणि हे त्या स्वतःच चारचौघांत सांगत असत.

साकेत एकुलता एक. इंजिनीअर झाला, ठाण्याच्या एका कंपनीत लागला, तिथल्याच संचिताशी त्याचं लग्न झालं. संचिता कळव्याची. तिचे वडील धाकूराव वर्षातले निम्मे महिने देवगडकडे, आपल्या कलमांच्या मागे. आई कलावतीबाई कळव्याच्या घरात एकट्या, मालवणी मसाला कुटून घरोघरी विकायच्या, ऑर्डरी फोनवर घ्यायच्या. डोंबिवलीची ही सरकारी नोकरीतली शुद्ध बोलणारी विहीण आणि कळव्याची ती हाताला लाल मसाल्याचा वास येणारी विहीण, यांचं जमेल का असं लग्नात काही जणांना वाटलं होतं. पण मानपानावरून दोघींत शब्दही झाला नाही. जे व्हायचं होतं ते एवढ्याशा सिमकार्डावरून झालं.

साकेत आणि संचिताला जर्मनीत नोकऱ्या मिळाल्या. विमान पहाटेचं, आणि डोंबिवलीहून निघायचं तर शिळफाट्याची कोंडी. म्हणून आदली रात्र कळव्याला काढावी असं ठरलं, आणि ठरवलं ते सुमतीबाईंनीच. हे पुढे त्यांनी स्वतःला कितीदा तरी सुनावलं. निघायच्या वेळी मुलाच्या हातावर दही घालायचं म्हणून त्या कलावतीबाईंच्या स्वयंपाकघरात वाटी शोधत होत्या. वाटी घेऊन बाहेर येऊन बघतात तर साकेतने आपल्या फोनमधलं सिमकार्ड काढून सासूच्या एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलेलं. नव्या फोनला कार्डाची जागा एकच, ती तिकडच्या नंबरसाठी लागणार, आणि कलावतीबाईंकडे हा फोन रिकामा पडलेला. दहा वर्षं वापरलेला तो नंबर सासूच्या हातात ठेवत साकेत म्हणाला, "मम्मी, हा फक्त चालू ठेवा. बँकेचे मेसेज येतील, मी फोन करून विचारेन."

कारण इतकं साधं होतं, आणि तेच सुमतीबाईंना गिळवेना. त्यात कुणाचा डाव असता तर त्यांना भांडता तरी आलं असतं. त्यांनी मुकाट्याने मुलाच्या हातावर दही घातलं, आणि 'मम्मी' हा शब्द तो किती मऊ म्हणतो याकडे त्या दिवशी त्यांचं पहिल्यांदा लक्ष गेलं.

तिकडे गेल्यावर साकेतचे पहिले काही आठवडे फोनपायीच गेले. घराचा पत्ता सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय बँकेत खातं नाही, खात्याशिवाय फोनचं पक्कं कनेक्शन नाही, आणि पत्ता नोंदवायची वेळ घ्यायची तर तिथला फोन नंबर आधी द्या, असा सगळा गोल गोल कारभार. कसंबसं एका दुकानातून तात्पुरतं कार्ड मिळालं, तर ते सुरू करायला पासपोर्ट हातात धरून कॅमेऱ्यापुढे बसायचं, आणि पलीकडचा माणूस सांगेल तसा पासपोर्ट हलवायचा. दोनदा तर प्रकाश कमी म्हणून त्याला नापास केलं. पुढे पक्कं कनेक्शन घेतलं तर ते नको झालं तरी दोन वर्षं सोडता येत नाही असं निघालं. आमच्याकडे लोक फोन मिळत नाही म्हणून रडायचे, यांच्याकडे सुटत नाही म्हणून रडतात, असं विश्रामराव म्हणाले. विश्रामराव म्हणजे सुमतीबाईंचे यजमान, शाळेतून निवृत्त, दिवसभर वर्तमानपत्रामागे बसून बायकोवर बारीक नजर ठेवणारे.

पण साकेतचं इथलं सगळं त्या जुन्या नंबराला बांधलेलं होतं. बँक, विमा, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, जिथे हात लावावा तिथे ओटीपी, आणि तो वाजायचा कळव्याला. मग साकेत कळव्याला फोन करायचा. आईला रविवारी, आणि सासूला सोमवारी, बुधवारी, कधी लागोपाठ दोनदा.

हे सुमतीबाईंना कळलं तेही कलावतीबाईंच्या तोंडूनच. त्या बिचाऱ्या आपलेपणाने फोन करायच्या आणि म्हणायच्या, "ताई, साकेतरावांचा आताच फोन येऊन गेला. सर्दी झालीय म्हणत होते. आवाज पार बसलेला." सुमतीबाईंना सर्दीचा पत्ताच नसायचा. त्या म्हणायच्या, हो हो, बोलला मला, काढा घे म्हटलंय मी. फोन ठेवला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साकेतने सायकल घेतली हे त्यांना कळव्याहून कळलं. घर बदललं, नव्या घराला बाल्कनी आहे, हेही कळव्याहून. एकदा तर रविवारी साकेत स्वतः काहीतरी सांगायला लागला आणि मध्येच थांबून म्हणाला, अगं हे सांगितलं मी, आणि मग त्याच्याच लक्षात आलं की आईला नव्हे, मम्मींना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाई दुपारभर पडून होत्या. वाढवला मी, रात्रीची ड्युटी करून त्याच्या परीक्षेला डबा दिला मी, आणि आयत्या बिळावर नागोबा ही. विश्रामरावांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हणाले, कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबैस, ती बाई आपल्या मुलाची कामं करतेय तर करू दे की. पण सुमतीबाईंना तीच ऊठबैस हवी होती. त्यांना म्हैसही आपली हवी होती आणि तिच्यामागे धावणंही.

रविवारी त्यांनी साकेतपाशी विषय काढून पाहिला. म्हणाल्या, कलावतीबाईंना केवढा त्रास, मसाल्याचे दिवस आले, तो फोन इकडे आणून ठेवते. साकेत म्हणाला, राहू दे गं, तुला कशाला उगाच. मुलं आयांना त्रास नको म्हणतात तेव्हा आयांना किती लागतं, ते त्यांना कोण सांगणार. मग बाईंनी मुलाला वगळून सरळ विहिणीलाच गाठायचं ठरवलं. आवळा देऊन कोहळा काढायचा तर आवळा तरी चांगला हवा, म्हणून साजूक तुपातले बेसनाचे लाडू केले, आणि डबा घेऊन त्या कळव्याला गेल्या.

कलावतीबाईंनी चहा केला, लाडूचं कौतुक केलं. मग सुमतीबाईंनी बोलणं वळवत वळवत तिथे आणलं. म्हणाल्या, तुम्ही इतके दिवस सांभाळलंत, आता तुमची सुटका करायला आले. कलावतीबाईंनी कपबशा आवरायला घेतल्या. मग म्हणाल्या की तसा काही त्रास नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या की फोन जुना आहे, त्याला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, डोंबिवलीला येईल की नाही कोण जाणे. मग म्हणाल्या, चार्जर जरा हलवून बसवावा लागतो, सगळ्यांना नाही जमत तो. ही बाई तो फोन सोडायला तयार नाही हे सुमतीबाईंना स्वच्छ दिसलं. एखादीला वाईट वाटलं असतं. त्यांना बरं वाटलं. म्हणजे आपण उगाच जळत नव्हतो, त्यात खरोखरच काहीतरी होतं, याची पावती मिळाली.

"मी खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत, कलावतीबाई," त्या म्हणाल्या. "चार्जर जमेल मला."

 कलावतीबाई उठल्या, खिडकीतून फोन काढला, पदराने पुसला. मसाल्याची एक पुडी त्याच्याबरोबर पिशवीत घातली. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मेसेज आला की लगेच बघा हं ताई. त्यांची वेळ संपते आणि मग परत पहिल्यापासून करावं लागतं त्यांना."

मला शिकवतेय, असं म्हणत सुमतीबाई कळव्याचा जिना उतरल्या. पण चाल मात्र लग्नात वरमाय चालते तशी होती.

त्यानंतरचे दिवस सुमतीबाईंचे. तो बटणांचा फोन त्यांच्याबरोबर फडके रोडला भाजीला गेला, भजनी मंडळात गेला, दातांच्या डॉक्टरकडे गेला. नंदाताईंना त्यांनी सांगितलं, साकेतची सगळी बँक माझ्याकडे असते हो, एक मिनिट इकडेतिकडे होता येत नाही. हे सांगताना चेहरा त्रासलेला ठेवायचा, हेही त्यांना छान जमायला लागलं. मेसेज वाजला की त्या चष्मा चढवायच्या, पाठोपाठ त्यांच्या स्वतःच्या फोनवर साकेतचा कॉल यायचा, आणि त्या चौकशीच्या टेबलावरच्या आवाजात आकडे सांगायच्या. सुटे, स्वच्छ. पहिल्यांदा साकेत हसून म्हणाला होता, आई, काय क्लिअर सांगतेस. ते वाक्य त्यांनी विश्रामरावांना दोनदा सांगितलं.

पण हे कॉल किती लहान असतात हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. सहा आकडे सांगायला वेळ तो किती लागणार? आकडे संपले की साकेत म्हणायचा, हां मिळाला, चल ठेवतो, मीटिंग आहे. बाईंनी मग शक्कल काढली. पहिले तीन आकडे सांगायचे आणि थांबायचं. साकेत म्हणायचा, पुढे? त्या म्हणायच्या, सांगते, जेवलास का? मग त्याने काय खाल्लं, संचिता कशी आहे, थंडी किती, जर्मन भाषेचा क्लास लावला का, एवढं सगळं झालं की उरलेले तीन. ओटीपी दहा मिनिटं टिकतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या दहा मिनिटांत कसं राहायचं ते त्या शिकल्या होत्या. एकदा कहरच झाला. साकेतने आपल्या फोनची बॅटरी गेली म्हणून ऑफिसातल्या कुणाच्या तरी फोनवरून कॉल केला. अनोळखी नंबरवर ओटीपी सांगू नये असं पेपरात रोज छापून येतं, म्हणून बाईंनी आधी त्याच्याकडून आजोळचं गाव, पाळणाघरातल्या काकूंचं नाव आणि हनुवटीवरची खूण कशाने झाली ते वदवून घेतलं. आवाज त्यांनी पहिल्या शब्दालाच ओळखला होता, हे सांगायला नकोच.

यात एकच खडा लागायचा. साकेत कधीमधी घाईत म्हणायचा, आई, लवकर सांग ना, मम्मी तर पटकन सांगायच्या. मम्मी पटकन सांगायच्या. हे वाक्य त्यांना दिवसभर पुरायचं. तिला कुठली विचारायची अक्कल, असं त्या मनात म्हणायच्या, आणि तरी पुढच्या वेळी पाच आकडे एका दमात सांगून एकच मागे ठेवायच्या.

आणि मग एका मंगळवारी साकेतने कुठल्याही ओटीपीशिवाय फोन केला. बाई हरखल्या. साकेतही खुशीत होता. म्हणाला, आई, तुझी सुटका. नंबर तिकडे फोनमध्ये घालून ठेवायची गरजच नाही आता. कार्डाशिवाय चालणारं सिम निघालंय, नंबर तसाच्या तसा माझ्या इथल्या फोनवर येणार. मेसेज सगळे मलाच येतील. आता एक शेवटचा ओटीपी येईल तुझ्याकडे, तो सांगितलास की झालं.

सुमतीबाईंना कळायला वेळ लागला नाही. खात्यातल्या बाई त्या. नंबर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर लावला की पहिल्या जागी काय उरतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

फोन वाजला. मेसेज आला. त्यांनी चष्मा चढवला, आकडे वाचले, आणि तोंडाने भलतेच सांगितले. तिसऱ्या जागच्या पाचाचा आठ केला. साकेत म्हणाला, चुकीचा दाखवतंय, परत पाठवतो. दुसरा आला, त्यातही त्यांनी एक आकडा फिरवला. तिसऱ्याला कंपनीने सांगितलं, आता उद्या.

"हरकत नाही गं," साकेत म्हणाला. "उद्या करू."

विश्रामरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि बायकोकडे पाहिलं. मग पुन्हा वर केलं. सुमतीबाईंना स्वतःची लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्या वर तरंगत होता तो आनंद. उद्या साकेतचा फोन येणार. मंगळवारी आला, बुधवारीही येणार.

बुधवारी आला, आणि बुधवारीही तेच झालं. गुरुवारी तो फोनवर आला तेव्हा आवाज थकलेला होता. पण तो चिडला नाही, आणि तेच वाईट. म्हातारीला सांभाळून घेतल्यासारखा बोलला.

"आई, तू डोळे दाखवून ये बरं बाबांबरोबर. आणि हे बघ, तुला जमत नसेल तर राहू दे. मी संचिताला सांगतो, मम्मी डोंबिवलीला येऊन तो फोन घेऊन जातील. त्यांना जमतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सुमतीबाईंच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. कलावतीबाई येणार, चहा घेणार, काळजीने विचारणार, काय हो ताई, दिसत नाही का नीट? फोन पदराने पुसून पिशवीत घालणार. आणि मग खिडकीत उभ्या राहून तो शेवटचा नंबर पटकन, एका दमात सांगणार. साकेत म्हणणार, थँक्यू मम्मी. या घरात चुकीचा नंबर सांगणारी बाई कोण, तर सुमती. आणि साकेतचं काम करून देणारी कोण, तर ती. कामही जाणार, कॉलही जाणार, आणि मानही कळव्याला.

एवढ्यात मेसेज वाजला. साकेतने शेवटचं म्हणून एकदा पाठवून पाहिलं होतं. सुमतीबाईंनी फोन उचलला. चष्मा टेबलावर होता, तो त्यांनी घेतला नाही. फोन हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "लिहून घे. सात, शून्य, चार, चार, नऊ, दोन."

सुटे, स्वच्छ, एका दमात. मध्ये जेवणखाण नाही, थंडी नाही.

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. लाईन तुटलेली नव्हती. तुटलेल्या लाईनीची शांतता वेगळी असते, ती त्यांना कळायची.

"आई," साकेत म्हणाला. "कालही तुला नीट दिसत होता ना?"

"दिसत होता."

"परवा?"

"परवाही दिसत होता. झालं ना तुझं काम?"

"झालं." मग घाईघाईने म्हणाला, "अगं, मी असाच करेन ना फोन. त्याला ओटीपी कशाला लागतो? रोज करेन."

हे वाक्य सुमतीबाईंनी हेडफोनमधून मस्कतहून ऐकलं होतं, कुवेतहून ऐकलं होतं, किती आवाजांत ऐकलं होतं. बोलणारा प्रत्येक जण त्या क्षणी खरंच बोलत असायचा, हेही त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "कर हो, वेळ झाला की कर." आणि फोन ठेवला.

बटणांच्या फोनवरच्या रेंजच्या काड्या थोड्याच वेळात गेल्या. त्यांनी तो बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. विश्रामरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि स्वतः उठून दोघांसाठी चहा टाकला. तसं ते कधी करत नसत.

चहा अर्धा झाला तेव्हा सुमतीबाईंना सुचलं की ही बातमी अजून कळव्याला कळलेली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच साकेतची एक बातमी अशी होती, जी त्यांच्याकडे आधी आली होती. संचिता सांगायच्या आत सांगायला हवी. त्यांनी लगेच कलावतीबाईंना फोन लावला, आणि होता होईल तेवढ्या सहज आवाजात सांगून टाकलं की साकेतचा नंबर आता जर्मनीला गेला, मीच दिला लावून, आता इथे कुणालाच काही करायला नको.

कलावतीबाईंना ते दोनदा सांगावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मेसेज तुमच्याकडे पण नाय येणार?"

"कुणाकडेच नाही."

"खरं सांगू का ताई, तुम्ही तो फोन नेलात ना, त्या दिवशी मला लय पोटात दुखलेलं. लाडू पण गोड नाय लागले. रविवारी संचिता लावते तो सोडला तर नंतर एकदा पण फोन नाय आलेला त्यांचा. यजमान गावाला, घरात मी एकटी, मसाल्याचं गिऱ्हाईक सोडलं तर कोण करतंय फोन? मी बोल्ले, आता डोंबिवलीला मजा चाललीय." त्या जराशा हसल्या. "आता काय, आपल्या दोघींना रविवारच."

 कळव्याच्या त्या खिडकीत कुणी फोनची वाट बघत उभं असेल, असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी तिथे नेहमी एक हसरी, बोलकी, त्यांचा मुलगा पळवून बसलेली बाई पाहिली होती.  एखादा मायेचा शब्द बोलावा असं त्यांना मनापासून वाटलं. तो जिभेपर्यंत आलाही. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"रविवारी तुमच्याकडे कधी येतो हो त्यांचा फोन?"

"ते तिकडे उठले की पहिला," कलावतीबाई म्हणाल्या. "अजून चहा पण झालेला नसतो दोघांचा. आणि तुमच्याकडे?"

सुमतीबाईंकडे तो दिवेलागण होऊन गेल्यावर यायचा, त्या दोघांची झाडलोट, धुणं, स्वयंपाक सगळं उरकल्यावर.

"आमच्याकडेही तेव्हाच," त्या म्हणाल्या.